आवडीची पाठ

कातळाची ती पाण्याजवळ वाकलेली काळी पाठ दिसते ना? खडपावरच्या डबक्यांत समुद्रफुलं बघा, तारामासे बघा, पण दर थोड्या वेळाने मान वर करून त्या पाठीकडे बघायचं. भिजायला लागली की मागे फिरायचं. भरतीच्या छापील वेळा मला सांगू नका.

ती आवडी गाबतीण. तिथीवरून भरती-ओहोटी सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं म्हणे, आणि तिला त्याचा तोरा होता. शेवंती तिची एकुलती लेक. आई कालवं काढायची, ही धोंडे उलटून खालचे जीव बघायची. बघून झालं की पुढे. धोंडा तसाच उताणा.

एकदा तिने लांबून विचारलं, "आये, येळ आसा?"

"आसा गो. दोन घटका आसत."

त्या पंधरवड्यात तृतीया दोन आल्या होत्या. दर तिथीला पाणी दोन घटका उशिरा वळतं, आणि आवडीने दुसरीला चतुर्थी धरलं. पाणी दोन घटका आधीच वळलं.

आवडी हाका मारत सुटली. वाऱ्यात हाक पोचेना. कातळावर पोरीची पावलं कुठली उमटायला? मग तिला दिसले ते उताणे धोंडे, पांढुरक्या पोटांचे, एकामागे एक. त्यांच्या मागाने ती धावली, पण पाणी पुढचे धोंडे झाकत येत होतं. शेवटी माग बुडाला. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती समुद्राला म्हणाली, "मी चुकलंय. माझा चेडू दी. तेणा उघडलेला एकेक दार मी माझ्या हातान लावीन."

पाणी हातभर मागे सरलं, असं सांगतात. एका धोंड्याचं पोट चमकलं. त्याला बिलगून शेवंती उभी होती.

दुसऱ्या ओहोटीपासून आवडी धोंडे पालथे घालू लागली. कुणाखाली सुकलेली अंडी, कुणाखाली मेलेली कुर्ली. राहिला तो शेवंतीचा शेवटचा धोंडा. तो, त्या दिवशी होती तशा, वर्षातल्या मोठ्या ओहोटीलाच उघडा पडतो. तशी ओहोटी पुन्हा आली तेव्हा काठावरून शेवंतीने विचारलं, "आये, येळ आसा?"

आवडी जन्मात पहिल्यांदा म्हणाली, "माका ठावक नाय गो."

आणि गेली. वाकली, धोंडा पालथा केला. वर उठलीच नाही. तीच ती पाठ.

आजही इथे कुणी कुणाला वेळ सांगत नाही. विचारलंत तर "पाठ बघ" म्हणतात. आणि धोंडा उलटणाऱ्याला शेंबडं पोरही हटकतं, "दार लावलंस?"

तुमच्या पायाशी एक उघडं आहे. ते लावा आधी. पाठ भिजलीय.