मोकळ्या आभाळातला बार

“प्रेमानं करतात, ते कळतं बाबा. पण त्यांची दया मी का सोसायची?”

दुलीचंद बिसेन तळ्याकाठी नूरशाह फकिराच्या झोपडीपुढे उभे होते. खांद्याला दुनळी बंदूक, हातात एक बदक.

त्या काळी शिकारीला मुभा होती. थंडी पडून तळ्यावर बदकं उतरली की बिसेनांचा सारा गोतावळा तळ्याच्या बांधावर, पाळीवर मुक्कामाला यायचा. भाऊ, जावई, जुने दोस्त, लेकीसुना. चुली पेटायच्या, रस्सा रटरटायचा. दुलीचंदांच्या नेमाचा तर पंचक्रोशीत बोलबाला. पहिलं बदक ते दरसाल बाबांच्या दारात आणून टाकत.

यंदा मात्र डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

“दया कशावरून?” बाबांनी बसल्या बसल्या विचारलं.

“सकाळपासून मला पाणी नि पाखरू वेगळं दिसत नाही. तरी प्रत्येक बाराला कुणीतरी ओरडायचं, ‘पडलं, भाऊ!’ मला शंका आली. शेवटी मुद्दाम मोकळ्या आभाळात बार काढला. तिकडे पंखांची फडफडसुद्धा नव्हती.”

“मग?”

“धाकटा भाऊ झामसिंग ओरडला, ‘पडलं!’ आणि घोंगडीसकट पाण्यात शिरला.”

“घोंगडीसकट?”

“बदक आतच लपवलं होतं ना त्यानं… छातीइतक्या गार पाण्यात उभा राहून बुडी मारल्याचं सोंग केलं. मग हात वर करून मला दाखवलं. हेच ते.”

बाबा हसले नाहीत.

“तू काय म्हणालास?”

दुलीचंदांनी पाळीकडे मान वळवली. पाळीवरून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता.

“बोलणार होतो. चांगला झापणार होतो. पण तो कुडकुडत बाहेर आला… दात वाजत होते, आणि चेहरा असा फुललेला, जणू त्याचंच लग्न ठरलंय. मागे जावई, आपले दोस्त पठाणमास्तर, सगळे श्वास धरून माझ्याकडे बघत होते.”

“मग?”

“मी म्हटलं, ‘नेम बरा लागला.’”

दुलीचंदांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. त्यांना एकाएकी वाटलं, एवढी माणसं आपल्या वाट्याला आली, ती कुठल्या पुण्याईनं…

“माझ्या डोळ्यांचं सगळ्यांना ठाऊक होतं बाबा. माझ्या आधीपासून.”

दुलीचंदांनी हातातलं बदक पुढे केलं नि पुन्हा मागे घेतलं.

“हे बदक तुम्हाला द्यायला आणलं खरं. पण कोणत्या तोंडानं देऊ? मी मारलेलं नाही.”

नूरशाहबाबा उठले. अंगावरची चादर झटकली, दोन्ही हातांनी पसरली, आणि मान लववून दुलीचंदांपुढे धरली.

दुलीचंद चपापले. “इतकी वर्षं तुम्ही बसूनच घेत होता. आज उभे का राहिलात?”

“आजवर माझ्या दारात तुझा नेम यायचा,” बाबा म्हणाले. “आज तुझं घर आलंय.”