साळूबाईने केलेले सोंग

एकदा एका नगरीत एक वृद्ध नटाचार्य राहत होते. माणूस माणसाला पाहतो तेव्हा नेमके काय पाहतो, या एकाच शोधात त्यांचे आयुष्य गेले. त्यावर त्यांनी ग्रंथ लिहिले, पण त्यातले प्रत्येक वचन आधी स्वतः सोंग घेऊन पडताळले. राजा म्हणा, भिकारी म्हणा, वेडा म्हणा, त्यांनी काही सोडले नाही.

त्यांच्या पट्टशिष्याला आता स्वतंत्र प्रयोगाची अनुज्ञा हवी होती. त्यासाठी सात वर्षे त्याने जिवाचे रान केले होते. आचार्य म्हणाले, "उद्या सभेपुढे आपल्या साळूबाईचे सोंग कर. तिला पटले, तर अनुज्ञा दिली."

साळूबाई म्हणजे नाट्यशाळा झाडणारी म्हातारी. शिष्य मनातून हिरमुसला. एवढ्या विद्येची परीक्षा केरसुणीने घ्यायची? विद्येचा ताठा चढतो लवकर, उतरतो मात्र सावकाश.

दुसऱ्या दिवशी आचार्यांनी भलतेच केले. साळूबाईला स्वतःच्या आसनावर बसवले आणि आपण खाली बसले. शिष्याने पदर खोचला, कमरेत वाकला आणि खोकत, कण्हत झाडू लागला. सभा पोट धरून हसली.

साळूबाई मात्र शेवटपर्यंत निरखून पाहत होती. "ब्येस केलंस लेकरा," ती म्हणाली. "पण ही बाई कोण म्हणायची?"

शिष्याचा चेहरा पडला. आचार्य शांतपणे म्हणाले, "साळूबाई, आता तुम्ही याचे सोंग करून दाखवा."

ती आधी नको नको म्हणाली. मग उठली. ताठ मानेने दारातून आत आली. नुकत्याच झाडलेल्या भुईवर चिखलाचे पाय उमटवावेत तशी चालत गेली आणि मागे न बघता, खांद्यावरचे उपरणे कुणीतरी धरावे म्हणून हात नुसता मागे केला.

या वेळी कुणी हसले नाही. सगळ्यांनी त्याला ओळखले. त्यानेही स्वतःला ओळखले, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आचार्य म्हणाले, "बाळ, तू वाकलेली कंबर पाहिलीस. ती कोणत्याही म्हातारीची असते. तिने तुला पाहिले, कारण तुझ्या मर्जीवर तिचा दिवस जातो. ज्याच्याकडे पाहण्याची आपल्याला गरज वाटत नाही, त्यालाच बहुधा ठाऊक असते आपण कोण आहोत ते."

अनुज्ञेचा शब्द शिष्याने पुन्हा काढला नाही. तो उठून साळूबाईसमोर खाली बसला.

"मावशी," तो म्हणाला, "मी कसा चालतो, ते आणखी एकदा दाखवाल?"