दिवसाचा वेताळ

भानुराजांच्या पत्त्यांवर गरुड, राक्षस, वेताळ रंगवलेले असत. त्या खेळात राजे कधी हरतच नसत, कारण हार दिसू लागली की ते नवा नियम काढत आणि वर म्हणत, “नियम जुनाच आहे. मी फक्त खुलासा केला.”

एकदा डोंगरपाड्याची तानूबाई खेळायला बसली. ती जिंकली तर गावाची वेठबिगार माफ, असं ठरलं. भर दुपारी राजांनी गरुड टाकला. तानूबाईने त्यावर वेताळ टाकून डाव मारला.

राजे गुरगुरले, “वेताळ दिवसा उठतो का कुठे? दिवसा हे पान बाद! नियम जुनाच आहे, मी फक्त खुलासा केला.”

तानूबाईने हात जोडले. “महाराज, काल दुपारी आपण याच वेताळानं सरदार हैबतरावांचा हत्ती जिंकलात. दवंडी आमच्या गावापर्यंत आली. आता नियम जुना असेल, तर हत्ती त्यांचा. नवा असेल, तर चालू डावाला तो लागत नाही, आणि डाव माझा.”

शेजारी बसलेले हैबतराव हत्ती सोडायला उठलेसुद्धा.

राजांनी अंगणात झुलणाऱ्या हत्तीकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. “नवा आहे बाई, नवा! वेठ माफ!”

हैबतराव तोंड पाडून परत खाली बसले.