वितळवलेला राजा

एका राज्यात, जिथले डोंगर बाराही महिने बर्फ पांघरून बसत, वसंताच्या सणाच्या सकाळी राजकन्या तुहिनेने चॉकलेटचा ससा हातात घेतला आणि ती दचकली. सशाच्या पाठीवर राखेसारखी पांढरी झाक होती. तिने बोटाने पुसली. पुसली तिथे पुन्हा उमटली.

"दादा, बघ ना. काहीतरी चुकलंय."

"मांजर शिंकलं तरी तुझं काहीतरी चुकतं, तुहू!" राजा अर्कदेव हसला, आणि हसता हसता थबकला. त्याच्या मनगटावर तीच झाक चढत होती.

सूर्य डोक्यावर येईतो राजा सिंहासनावर होता तसाच चॉकलेटचा झाला, नखशिखांत पांढुरका. तुहिनेने हाका मारल्या. दादा म्हणाली, महाराज म्हणाली. 

खिडकीत पिवळ्या चोचीचा डोंगरकावळा येऊन बसला. "हा शीतकेश मांत्रिकाचा शाप," तो म्हणाला. "तुझ्या भावाने यंदा सणाची घाई केली. वितळलेलं चॉकलेट शीतकेशाच्या शिळेवर न निववता थेट साच्यांत ओतायला लावलं. शिळेचा मान राहिला नाही."

"उतारा?"

"तो त्यालाच विचार. राजाला बर्फगाडीत घाल. आणि सावलीतून चल गं बाई, ऊन आहे!"

शीतकेश गुहेच्या तोंडाशी बसला होता. त्याची दाढी म्हणजे गोठलेला धबधबा. आत मासे स्थिर उभे होते.

"झाक पुसून द्या, महाराज," तुहिना म्हणाली.

"ती पुसून जात नाही, मुली. आतली घडीच विसकटलेली असते. वितळवावं लागेल."

"कुणाला?"

"आणखी कुणाला आणलंयस?"

तुहिनेने बर्फगाडीकडे वळून पाहिलं.

"तीन कामं," मांत्रिक म्हणाला. "आगीची जीभ न लागता वितळव. शिळेवर निवव. मग तळहातांच्या उबेने कोमट कर, ओठाला ऊनही लागू नये, गारही लागू नये. पाण्याचा एक थेंब पडला तर दाणे धरतील, आणि तुझा भाऊ कायमचा वाळू होईल."

"म्हणजे रडायचंही नाही?"

"रडायचंही नाही."

गुहेत उकळत्या झऱ्यावर तांब्याची कढई होती. वाफ तिच्या बुडाला लागे, आत शिरत नसे. राजा आधी गुडघ्यांत वितळला, मग कमरेत. शेवटी नुसता चेहरा तरंगत राहिला. तुहिनेचे डोळे भरून आले. तिने मान मागे टाकली आणि आसवं कानांत वाहू दिली.

मग तिने तो काळाभोर रस शिळेवर ओतला आणि रुंद उलथन्याने पसरू लागली. पसरला की त्यात दादाचं बालपण दिसे, गोळा केला की मिटे. तळ्यावर घसरणारा दादा, तिला खांद्यावर घेतलेला दादा. बघत राहावं असं वाटे. पण थांबली असती तर रस तिथेच थिजला असता. तेवढ्यात तिचा हात थांबतो का ते बघायला मांत्रिक मागून गरजला. ती केवढ्याने तरी दचकली, पण हात चालूच राहिला.

तळहातांची ऊब पहिल्या खेपेला जास्त झाली. ओठ पोळला. पुन्हा शिळा. मांत्रिकाने बाजूला सरकून जागा करून दिली. दुसऱ्या खेपेला ओठाला काहीच कळलं नाही.

गादीवर बसणाऱ्या प्रत्येक राजाचा कथलाचा दोन फाकांचा साचा घडवायची त्या राज्याची रीत होती. अर्कदेवाचा साचा कावळ्यांच्या थव्याने उचलून आणला. तुहिनेने रस ओतला, साचा हलवून बुडबुडे काढले, आणि मग तो उलटा केला. जास्तीचा रस वाहून गेला.

"राजासुद्धा पोकळच ओतायचा?"

"आवाजाला जागा नको?" शीतकेश म्हणाला.

नीट निवलेलं चॉकलेट साच्यापासून आपण होऊन सुटतं, ओढून काढायचं नसतं. ती वाट पाहत बसली. कडेला केसाएवढी फट पडली, तेव्हा तिने फाका उघडल्या. राजा काळाभोर, लखलखीत उभा होता. त्याच्या छातीत तिचा घाबरा चेहरा दिसत होता. खाली दरीत घराघरांतले पांढुरके ससे एकदम चमकू लागले.

"दादा!" तिने हाक मारली. डोंगरांनीही ती परत दिली नाही.

"दादा, ऐकतोस ना?"

काळ्या ओठांवर हळूहळू गुलाबी रंग चढला.

"ओ," राजा म्हणाला. "ओ, तुहू. हात दे गं जरा, पायाला मुंग्या आल्यात."