गोमा तांडेलाचा पंधरवडा

बंदराला धक्का बांधण्याच्याही कितीतरी आधी, होड्या शिडावर चालत तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या मुखाशी कोळीवाडा होता आणि तिथे गोमा तांडेल राहायचा. तो वल्हं पाण्यात उभं धरायचा, वरच्या टोकाला कान लावायचा आणि घोळ मासे कुठे घुमताहेत ते सांगायचा. कोसावरची घोळही त्याला ऐकू यायची, असं म्हणतात.

पावसाळा सरता सरता घोळ अंडी घालायला खाडीत शिरायची. गोमा म्हणायचा, "पोटात गाभोळी आहे तिच्या, जाऊ द्या." मग पंधरवडाभर कुणी जाळं टाकत नसे.

पण पुढे दर्या तापू लागला. ऐन थंडीतही पाणी कोमट लागायचं. बाकीची मासळी दूर, गार पाण्यात निघून गेली. तिथवर होड्या पोचत नसत. घोळ तेवढी खाडीत यायची, तीही दरवर्षी कमी. घराघरांतल्या चुली थंडावल्या. गोमाची लेक येसू बाळंतपणाला आली होती. तिचं दूध आटलं. तान्हं रडायचंही थांबलं.

तेव्हा वाड्याचा म्होरक्या धाकू नाखवा दारात येऊन बसला.

"तांडेल, घोळ कुठे आहे ते सांग."

"थोडीच उरलीय, नाखवा. सगळी गाभोळीची. तापल्या पाण्याने मारायची ती मारली. उरलेली आपण काढली तर पुढे काय?"

"पुढचं बघायला पोरं तरी जगायला हवीत ना?"

गोमाने आत येसूकडे पाहिलं. मग वल्हं उचललं.

त्याने दाखवलं तिथे जाळी पडली आणि होड्या काठोकाठ भरल्या. वाडा पोटभर जेवला. येसूचं मूल वाचलं. गोमाने मात्र घास तोंडात घेतला नाही.

पुढच्या वर्षी त्याने पाण्याला कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. लोक म्हणाले, दर्याच फिरला. गोमा म्हणाला, "अर्धी दर्याने नेली. अर्धी मी दाखवली."

त्यानंतर त्याला माणसांचं बोलणंही ऐकू येईना, असं म्हणतात. एका सकाळी तो एकटाच होडी घेऊन गार पाण्याकडे निघाला. येसूने काठावरून हाका मारल्या. त्याने मागे पाहिलं नाही.

भरतीबरोबर होडी परत आली, रिकामी. तिच्या तळाशी साचलेलं पाणी बर्फासारखं गार होतं आणि त्यात घोळीची बोटभर पिल्लं फिरत होती. येसूने ती ओंजळीने खाडीत सोडली. धाकू नाखवा काठावर उभा होता. त्याने आपलं जाळं गुंडाळून घरी नेलं.

आजही पावसाळा सरताना त्या खाडीत पंधरवडाभर जाळं पडत नाही, आणि वाडा कोरडा भात खातो. घोळ आता वर्षानुवर्षं दिसलेली नाही. मग जाळी कशाला बांधून ठेवायची, असं कुणी विचारलं तर तिथल्या म्हाताऱ्या एवढंच सांगतात, "तांडेल तिला आणायला गेलाय. वाट मोकळी असू दे."