माणूस बघून चहा

डोंगरवाडीच्या शाळेत खरातबाईंचं गणित एकच असे, वाटा मात्र वेगवेगळ्या. हुशार पोरं पाटीवर बेरीज करत, गज्या अंगणात उड्या मारून मोजी, तर तुळसा चिंचोके मांडून. आकडा हातात आल्याशिवाय तिच्या डोक्यात शिरतच नसे.

एके दिवशी तपासणीला ढमढेरेसाहेब आले. आधी पोट आत आलं, मागून साहेब. चिंचोके बघून खेकसले, "हा काय बाजार मांडलाय, बाई? सगळ्यांना एकच रीत! चिंचोके बंद. आणा शेरेबुक, लिहूनच देतो."

तुळसाने मूठ घट्ट मिटली. चिंचोके गेले की ही पोरगी शाळाच सोडणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"लिहा की! आधी चहा तर घ्या."

बाईंनी एकाच किटलीतून साहेब, कारकून आणि ड्रायव्हर अशा तिघांना दाट दुधाचा, गोडमिट्ट चहा दिला. पहिल्या घोटालाच साहेब ताडकन उठले.

"अहो, मला मधुमेह! या कारकुनाला दूध बाधतं! माणूस बघून चहा करायचा असतो, एवढंही कळत नाही?"

"कळतं ना. ड्रायव्हरनं आल्या आल्याच सांगितलंय. तुमचा बिनसाखरेचा, त्यांचा कोरा, दोन्ही स्टोव्हवर तयार आहेत." बाईंनी शेरेबुक पुढे सरकवलं. "आत्ता बोललात तेच लिहा, साहेब. फक्त चहाच्या जागी धडा घाला."

साहेबांनी मुकाट्याने लिहिलं, 'अध्यापन समाधानकारक.'

दोन कप आणखी आले. तुळसाने चिंचोके मांडले आणि ओरडली, "सगळे मिळून पाच!"

साहेबांनी हळूच बोटांवर मोजून खात्री करून घेतली.