डोणीतला ठोकळा

फार जुनी गोष्ट. बर्फाळ डोंगरातल्या एका पागेच्या अंगणात घोड्यांना पाणी प्यायला दगडी डोणी होती. थंडी पडली की घोडे सांभाळणारा मोतद्दार तिच्यात लाकडाचा ठोकळा सोडी. वाऱ्याने ठोकळा डुलत राही, त्यामुळे पाणी हलत राही आणि गोठत नसे.

डोणी वैतागली. "मेल्या, सारखी ठकठक! घडीभर स्वस्थ बसशील तर शपथ."

"मी स्वस्थ बसलो, तर पाणीही बसेल," ठोकळा म्हणाला.

अबलख घोडा पाण्यावर आला, तेव्हा डोणीने त्याचे कान भरले. ठोकळा त्याच्याही नाकाला लागायचाच. त्याने तो दातांत धरून बाहेर भिरकावला.

सकाळी अबलखाने डोणीत तोंड घातले. ओठांना नुसता बर्फ लागला. "डोणीबाई, पाणी कुठाय?"

बर्फ फुगून डोणी मधोमध तडकली होती. ठकठक मात्र थांबली होती.